मान हलण्याआधी वाजलेली घंटा

भाद्रपद आला की आमच्या डोंबिवलीच्या हवेत दोन वास एकमेकांत मिसळतात. एक कापराचा, घराघरांतून येणारा. दुसरा औद्योगिक वसाहतीकडून संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर येणारा, आंबट, नाकाच्या मुळाशी चरचरणारा. आरतीला उभे असताना पुष्कळदा हे दोन्ही वास एकाच श्वासात आत जातात. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्ही लावत नाही. त्या दुसऱ्या वासावर इथल्या कितीतरी चुली पेटतात, आणि ज्या अन्नाचा नैवेद्य दाखवायचा त्याच्या वासाला नाक मुरडू नये, असे आमच्या आईने शिकवले होते.

यंदाही ते दोन वास आले आणि त्यांच्या मागोमाग आमच्या सोसायटीचे चेअरमन करमरकर वही घेऊन आले.

"गुरुजी, चौथ्या दिवशी वादविवाद. परीक्षक अर्थात तुम्ही. आणि विषय बघा, एकदम ताजा! 'सीमारेषा ओलांडून शत्रूचे तळ उद्ध्वस्त करावयास हवे होते.' खुर्च्या कमी पडणार, लिहून ठेवा."

उन्हाळ्यातल्या त्या डोंगरांवरच्या युद्धाला अजून तीन महिनेही झालेले नव्हते. गावोगाव शवपेट्या आल्या होत्या, आणि करमरकर खुर्च्यांचा विचार करत होते. मी "बघू" एवढेच म्हणालो. ते गेल्यावर देवघरात जाऊन बसलो. समोर ती पितळेची घंटा होती. माझे वय सत्तर. प्रातःसंध्या मुंजीपासून चुकवलेली नाही. क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतीचा नाश, आणि पुढे सगळाच नाश, ही उतरंड मी चाळीस वर्षे वर्गात समजावून दिली. तरीही सांगतो, हे मी रागाने लिहीत आहे. तो शांत व्हावा म्हणून वर्षभर वाट पाहिली, झाला नाही. आता वाटते, काही राग शांत होण्यासाठी नसतातच. ते कुणाच्या तरी दारी नेऊन पोचवायचे असतात.

त्या घंटेची गोष्ट आधी सांगितली पाहिजे.

आमच्या अंगणातला पहिला वादविवाद झाला तो आपले सैन्य समुद्र ओलांडून लंकेत गेले त्या काळात. शांतीसाठी गेले असे म्हणत. शेजारचे घर पेटले तर ठिणगी आपल्या छपरावर येते, म्हणून विझवायला जाणे हे आपलेच रक्षण, असे एक म्हणे. विझवायला जाणारा आत शिरला की घरातली माणसे त्यालाच आग समजतात, असे दुसरा म्हणे. दोघेही बँकेत एका टेबलाला टेबल लावून बसणारे. पण कोणी कोणाचे ऐकत नव्हते. प्रत्येकजण समोरच्याचे म्हणणे मोडून, वाकडे करून त्यालाच परत देत होता. शेवटी एक खुर्ची उडाली आणि मखराचा खांब मोडला. देवापुढे!

पुढच्या वर्षी मी म्हणालो, वादविवाद ठेवायचा असेल तर माझ्या पाठशाळेचा नियम पाळावा लागेल.

कृष्णाकाठच्या ज्या पाठशाळेत मी शिकलो तिथे खंडन करण्याआधी पूर्वपक्ष मांडावा लागे, म्हणजे समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या तोंडाने सांगायचे, आणि असे सांगायचे की त्याने मान हलवून म्हणावे, "होय, हेच माझे म्हणणे." तो "नव्हे" म्हणाला तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा माझ्यासमोर शंकर नावाचा सहाध्यायी होता. सकाळी सुरू केले. मी मांडे, शंकर मान हलवी ती आडवी. "नव्हे. तू मला जितका मूर्ख समजतोस तितका माझा पक्ष मूर्ख नाही." सूर्य माथ्यावर आला. पाने मांडली गेली. गुरुजींनी मला पंगतीत बसू दिले नाही, आणि गंमत म्हणजे शंकरलाही नाही. "याचे म्हणणे तुला कळेपर्यंत हाही उपाशीच," ते म्हणाले. तिसऱ्या प्रहरी शंकरची मान उभी हलली. त्या दिवशीचा थंड भात अजून आठवतो. खंडन करायचे होते तेवढ्यात माझ्या ध्यानात आले, की माझ्या आक्षेपांतले अर्धे आता उरलेच नव्हते. उरले ते मात्र पक्के होते.

हा नियम मी आमच्या अंगणात आणला. फळ्यावर सुवाच्य लिहिले: 'आधी समोरच्याचे, मग आपले.' समोरच्याची मान हलली की मी माझ्या देवघरातली घंटा वाजवायची. घंटेपासून चार मिनिटे आपली. कोणत्या बाजूने बोलायचे ते देवापुढे चिठ्ठी उचलून ठरे, म्हणजे हौस कोणाचीच नाही. दहा वर्षे हे चालले, आणि छान चालले. पाणी सकाळी सोडावे की संध्याकाळी, या विषयावर दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी जावा उभ्या राहिल्या तेव्हा धाकटीने थोरलीचा पक्ष मांडला आणि थोरली ओरडली, "अगं बाई, हे तुला ठाऊक होतं तर वर्षभर माझ्याशी भांडलीस कशाला?" अंगण हसून लोटपोट झाले. घंटा वाजवायचेही मी विसरलो.

आणि मग गेल्या वर्षीचा भाद्रपद.

आफ्रिकेत एका बलाढ्य देशाच्या दोन वकिलातींवर स्फोट झाले होते. शेकडो माणसे गेली, बहुतेक तिथलीच, साधी. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या देशाने समुद्रातून दूरवर क्षेपणास्त्रे सोडली, दोन वेगळ्या देशांत. त्यांतली काही एका औषधांच्या कारखान्यावर पडली. तिथे विष बनत होते, असे सोडणारे म्हणाले. तिथे औषधेच बनत होती, असे दुसरे म्हणाले. या सगळ्याला त्यांनी नाव दिले आत्मरक्षण. गणपती चार-पाच दिवसांवर आले होते, आणि आमच्या जिन्यांत, दुधाच्या रांगेत, केशकर्तनालयात एकच वाक्य ऐकू येत होते: "असं पाहिजे! आपल्यालाही हे कधी जमणार?"

हे वाक्य खोटे होते असे मी म्हणत नाही. त्याच्यामागे एक खरी जखम होती. त्याच्या पाच वर्षे आधी, त्या फाल्गुनातल्या शुक्रवारी मुंबईत एकामागून एक स्फोट झाले, तेव्हा आमच्या समोरच्या जिन्यातल्या रघुनाथ साठ्यांचा एकुलता अजय कचेरीतून चहा प्यायला म्हणून खाली उतरला होता. त्याचा डबा वर टेबलावर तसाच राहिला. तो डबा घरी परत आला. साठेवहिनींनी तो घासून फडताळात ठेवला आहे, आणि त्या घरात आजही कोणी डबा हा शब्द उच्चारत नाही. ज्यांनी हे घडवून आणले ते समुद्रापलीकडे सुखरूप आहेत, असे सर्व जण म्हणत. मग क्षेपणास्त्राची बातमी वाचून साठ्यांच्या शेजाऱ्यांना बरे वाटले तर त्यांना मी काय म्हणून दोष देऊ?

त्या वेळी तीन दिवस साठ्यांबरोबर रुग्णालये आणि शवागारे हिंडणारा माणूस होता सुधाकर पाटील. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारा, मूळचा ठाण्याजवळच्या कोळशेतचा, आगरी. रसायनशास्त्राचा पदवीधर, इथल्याच वसाहतीत एका औषधाच्या कारखान्यात नोकरीला. अंगाने आडवा, आवाज मोठा, हसणे त्याहून मोठे. चादर उचलून चेहरा पाहण्याचे काम त्या तीन दिवसांत त्याने केले. साठ्यांना त्याने ते करू दिले नाही. शेवटची चादर तेवढी दोघांनी मिळून उचलली.

गेल्या वर्षी विषय होता, 'दहशतवाद्यांना परक्या देशात जाऊन मारणे हे आत्मरक्षणच होय.' साठ्यांनी आपण होऊन नाव दिले. चिठ्ठीत त्यांना अनुकूल बाजू आली. पाटलाने उचलली ती प्रतिकूल.

तो माझ्याजवळ आला. "गुरुजी, चिठ्ठी बदलून द्या. साठेकाकांपुढं मी हे कसं बोलू?"

मी म्हणालो, "देवापुढे उचललेली चिठ्ठी बदलत नसते, सुधाकर."

हे माझे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मी विसरू शकलेलो नाही.

आरंभी करमरकरांनी मलाच विचारले, शास्त्र काय सांगते? मी उभा राहिलो. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा असे आततायी धर्मशास्त्राने सांगितले आहेत, म्हणालो. अशाला विचार करत न बसता मारावे, त्यात दोष नाही. एवढे म्हणताच टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचे मला सांगायचे होते. मला सांगायचे होते की ही मुभा हात उगारला गेला आहे त्या क्षणापुरती, ज्याच्यावर उगारला त्याच्यासाठी आहे. पुढे दंड करायचा तो राजाने, आणि त्याने आधी अपराध कोणाचा हे निश्चित केले पाहिजे, कारण निरपराध्याला दंड करणारा राजा स्वतः अपराधी होतो. पण टाळ्या थांबेनात. त्या थांबेपर्यंत मी हसलो, आणि खाली बसलो. अर्धे शास्त्र सांगून बसलो. अर्धे औषध देणाऱ्या वैद्याला गावात कोणी ठेवत नाही. अर्धे शास्त्र देणाऱ्याला शाल मिळते. मला मिळाली.

धाकट्याने आधी बोलायचे, ही आमची रीत. पाटील उठला. तो साठ्यांकडे वळला, आणि माझ्याकडे किंवा लोकांकडे त्याने पाहिलेच नाही.

"काका, तुमचं म्हणणं मी असं समजतो. माझा मुलगा कोणाशी लढायला गेला नव्हता. चहा प्यायला गेला होता. ज्यांनी त्याला मारलं ते कुठं राहतात हे सगळ्यांना माहीत आहे. तिथलं सरकार त्यांना हात लावत नाही, इथल्या कोर्टाचा कागद तिथं पोचत नाही. ते जेवतायत, झोपतायत, पुढचं ठरवतायत. मग मी कोणाची वाट बघू? पुढच्या कोणाच्या मुलाची? आग लावणारा शेजारच्या अंगणात उभा आहे, त्याच्या हातात दुसरी काडी आहे, आणि शेजारी म्हणतो माझ्या अंगणात येऊ नका. ती काडी पेटायच्या आधी जो हात धरतो त्याला तुम्ही हल्लेखोर म्हणता? मला सूड नको. सूड घेऊन माझा अजय येणार नाही. मला एवढंच पाहिजे की दुसऱ्या कोणाला चादर उचलावी लागू नये."

साठ्यांची मान हलली. एकदा, आणि पुन्हा एकदा. मी घंटा वाजवली. चाळीस वर्षे शिकवून, आणि त्याआधी बारा वर्षे शिकून, असा पूर्वपक्ष मी ऐकला नव्हता.

मग तो स्वतःचे बोलला.

"आता माझं. तो बॉम्ब पडलेला कारखाना मी पाहिलेला नाही. तिथं काय बनत होतं मला माहीत नाही. पण काका, आमच्या कारखान्याच्या मागं निळी पिंपं आहेत, त्यांच्यावर कवटीचं चित्र आहे. वरून फोटो काढला तर कोण सांगेल आम्ही काय बनवतो? करमरकरसाहेबांची बीपीची गोळी त्या पिंपांतूनच येते. ज्याचा हात धरायचा, तो हात त्याचाच आहे हे कोणी बघितलं? इथून हजारो मैलांवर बसून? आमच्यावर कोणी टाकला, आणि नंतर म्हणाला माफ करा, आम्ही आमचं रक्षण करत होतो, तर माझ्या आईनं त्याला काय म्हणायचं?"

"ओ पाटील, कोणाचं मीठ खाता?" मागून एक आवाज आला. आणि मग सुटलेच सगळे. "तिकडंच जा की नोकरीला!" "अरे बसव रे त्याला!" "साठेकाकांसमोर बोलतोय, लाज आहे का?" चार मिनिटांतली दोन अजून शिल्लक होती. चिठ्ठीने दिलेल्या बाजूबद्दल ते त्याला शिव्या देत होते, आणि चिठ्ठी त्यांनीच दुमडून तबकात ठेवली होती. पाटील थांबला. "चिठ्ठीत आली तेव्हा ही बाजू माझी नव्हती," तो म्हणाला, "आता आहे," आणि खाली बसला.

साठे उठले. नियमाप्रमाणे त्यांनी आता पाटलाचे म्हणणे मांडायचे होते. ते उभे राहिले आणि बोलेनात. हातातला रुमाल त्यांनी दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला. ओठ हलत होते. अर्धे मिनिट गेले असेल, पण गणपतीच्या मंडपातले अर्धे मिनिट फार लांब असते.

"राहू द्या काका! तुम्हाला कसला नियम!"

"सोड ना यार, त्यांचा मुलगा गेलाय!"

करमरकर माझ्या कानाशी आले. "गुरुजी, वाजवा. माणसाचा किती अंत पाहायचा?"

आणि मी घंटा वाजवली.

समोर पाटील बसला होता. त्याची मान हलण्याचा प्रश्नच नव्हता. त्याचे म्हणणे कोणी मांडलेच नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले. तक्रार नव्हती त्या दृष्टीत. परीक्षकाने उत्तरपत्रिका न वाचता गुण दिले, तेव्हा हुशार विद्यार्थी जसा पाहतो तसे त्याने पाहिले. साठ्यांनीही पाहिले. त्यांची नजर मला कृतज्ञतेची वाटली. मग ते "माझ्या अजयला..." एवढेच बोलले आणि टाळ्या पडल्या. पहिले बक्षीस एकमताने. एकमत कोणाचे, ते मला विचारू नका. परीक्षक मी एकटाच होतो.

पुढचे सांगायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी आरतीचे तबक फिरले, ते पाटलाच्या पुढ्यातून थबकल्याशिवाय पुढे गेले. त्याच्या पत्र्याच्या टपालपेटीवर कोणीतरी खडूने 'एजंट' लिहिले. त्याच्या बायकोला गौरीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे गेले नाही. शवागारात तीन दिवस चादरी उचललेल्या त्या हातांना आमच्या अंगणाने तीर्थ द्यायचे बंद केले, तेही त्या अजयच्या नावाने! दिवाळीनंतर त्याने घर भाड्याने दिले आणि कोळशेतला आईकडे राहायला गेला. तिथून येऊन-जाऊन नोकरी करतो. ट्रकमध्ये सामान चढत असताना मी खिडकीत उभा होतो, जप करत. माळ हातात असली म्हणजे खाली न उतरण्याला कारण मिळते.

आमच्या सौभाग्यवती फार बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "तुम्ही साठ्यांवर दया केलीत, की स्वतःची सुटका करून घेतलीत?" आणि कणीक मळायला आत गेल्या.

तेव्हापासून पूजेत ती घंटा वाजवताना माझा हात क्षणभर अडतो. घंटानादाने देव यावेत आणि आसुरी ते दूर जावे, असे आपण म्हणतो. माझ्या घंटेने त्या दिवशी नेमके उलटे केले.

वर्षभर मी या विषयावर विचार केला. विद्वानांनी ठरवायच्या गोष्टी मी ठरवू पाहत नाही. शेजाऱ्याच्या अंगणातून खरोखर दगड येत असतील, तो थांबवत नसेल आणि पुढचा दगड उचललेला दिसत असेल, तर कुंपण ओलांडणे कधीच रक्षण ठरत नाही, असे म्हणायला माझी जीभ वळत नाही. उन्हाळ्यातल्या युद्धात आपल्या जवानांना आपल्याच भूमीवर लढण्याचा आणि रेषा न ओलांडण्याचा हुकूम होता म्हणतात. तो पाळताना जे गेले त्यांच्या आयांना या संयमाची महती मी सांगायला जाणार नाही. पण मला चीड येते ती त्या शब्दाच्या स्वस्ताईची. आत्मरक्षण हा शब्द एकदा उच्चारला की ज्याच्यावर घाव पडला त्याचे नावही कोणी विचारत नाही. आपली जखम खरी आहे, म्हणून आपला बाण योग्य जागी लागला, असे आम्ही धरून चालतो. जखमेने हक्क मिळतो, हे एक वेळ मानू. जखमेने नेम कसा मिळेल? आणि ज्याला आपला नेम चुकला की नाही हे जाणूनच घ्यायचे नाही, तो रक्षण करत नसून केवळ मारत आहे, हे सांगायला शास्त्र तरी कशाला हवे? ते शंकरच्या उपाशी पोटाने मला शिकवले होते. समोर कोण आहे हे कळेपर्यंत जेवायचे नाही. आम्ही मात्र आधी जेवलो, ढेकर दिली, आणि समोरच्याला इमारतीतून काढून दिले.

यंदा करमरकर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साठे आले. फळ्यावरचा विषय वाचून आले होते. चहा नको म्हणाले. बसलेही नाहीत.

"गुरुजी, गेल्या वर्षी ती घंटा तुम्ही का वाजवलीत?"

मी म्हणालो, "तुम्हाला क्लेश होत होते, रघुनाथराव."

"क्लेश रोजच होतात. मला बोलायचं होतं. पहिलं वाक्य सापडत नव्हतं, एवढंच. सापडत आलं होतं आणि तुम्ही टणकन वाजवलीत." त्यांचा आवाज चढला. पंचवीस वर्षांच्या शेजारात मी तो चढलेला ऐकला नव्हता. "मला जमत नव्हतं असं ठरवलंत तुम्ही. मुलगा गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं कळतच नाही, असं ठरवलंत! मला कळत होतं. त्या सुधाकरनं माझं म्हणणं माझ्याहून चांगलं सांगितलं आणि मी त्याचं सांगितलं नाही. लोक आता माझ्या नावानं त्याला शिव्या देतात. मी कधी मागितल्या होत्या?"

"वर्षभर बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मी उठलो, खाली गेलो आणि फळ्यावरच्या विषयाखाली खडूने लिहिले: 'गेल्या वर्षी समोरच्याचे म्हणणे मांडले गेले नसता मी घंटा वाजवली. नियम मी मोडला. सुधाकर पाटील यांच्यावर अन्याय झाला. या वर्षी परीक्षक दुसरा पाहावा.' आणि खाली सही केली.

करमरकर धावत आले. "अहो गुरुजी, हे काय? बाहेरचे लोक वाचतील!"

"वाचू देत."

"पण सणासुदीचं... पुसतो मी."

"पुसा," मी म्हणालो, "मी पुन्हा लिहीन. मला पेन्शन आहे आणि खडूही पुष्कळ आहेत." इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी असा बोललो नव्हतो. त्यांनी फळा पुसला नाही.

गणपतीच्या पाचव्या दिवशी साठे आणि मी कोळशेतला गेलो. घंटा मी सोवळ्याच्या पंच्यात गुंडाळून पिशवीत घेतली होती. ठाण्याहून बसने उतरलो तेव्हा ऊन कडक होते. एका बाजूला कारखान्याची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला खाडीकडे उतरत जाणारी गल्ली, आणि हवेत इथेही तेच दोन वास; फक्त त्यांत खाडीचा चिखल मिसळलेला. पाटलाच्या ओटीवर गणपती बसला होता. त्याच्या आईने आम्हांला पाहिले. "यवा, यवा. बसा. सुधाकर, तुजे डोंबिवलीचे मास्तर आयलेत!"

सुधाकर बाहेर आला. हसला नाही. "बसा गुरुजी. काका, पाणी घ्या." मग भिंतीला टेकून उभा राहिला. "आता काय राहिलंय?"

साठे म्हणाले, "तुझी बाजू मांडायची राहिलीय."

"वर्ष झालं त्याला."

"म्हणूनच आलो. मला अजूनही वाटतं की त्यांना तिथं जाऊन मारलं पाहिजे. ते मी नंतर बोलीन. आधी तुझं." साठ्यांनी रुमाल खिशातच ठेवला. ते गणपतीपुढे, सुधाकरकडे तोंड करून उभे राहिले. या वेळी पहिले वाक्य त्यांना सापडले होते. "तिथं एक माणूस होता. तुझ्यासारखा. सकाळी आईच्या पाया पडून कामाला गेलेला. हिवतापाच्या गोळ्या करणारा. त्याला आपल्या अजयचं नावही माहीत नव्हतं. आणि वरून बघणाऱ्याला..." इथे त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि तसाच परत आला. "वरून बघणाऱ्याला तो दिसतच नव्हता. फक्त पिंपं दिसत होती. तू म्हणतोस, ज्याला माणूस दिसत नाही त्यानं रक्षणाचं नाव घेऊ नये. माझ्या अजयलाही असंच न बघता मारलं. तू म्हणतोस, न बघता मारणाऱ्यांत आपण जमा होऊ नये."

मी पिशवीतून घंटा काढली आणि हातात धरून बसलो. घंटेची जीभ बोटाने दाबून धरली होती, चुकूनही वाजू नये म्हणून. सुधाकरची आई दारात उभी होती. ती साठ्यांकडे पाहत होती.

सुधाकरने गणपतीसमोरच्या समईची वात पुढे सारली. मग त्याने मान हलवली. आडवी.

"नाही काका. गोळ्या पुढच्या खात्यात करतात. माझ्यासारखा माणूस ड्रायरवर असतो. पावडर सुकवतो. घरी आला की त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असतात, आणि पोरगी म्हणते, बाबा, लांब बसा, कडू लागताय." त्याने पुढे होऊन साठ्यांसाठी पाट मांडला आणि स्वतः समोर जमिनीवर बसला. "तो माणूस नीट सांगा. मग पुढचं."

साठे पाटावर बसले. दारातून सुधाकरच्या आईने विचारले, पाने वाढू का. मी म्हणालो, "थांबा आई, अजून नाही." साठ्यांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.